बंदरावरची टोपली आणि पाड्यावरची चूल

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात अर्नाळा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी पाड्यांवरच्या कामाचा अहवाल वाचते. किती मुले शाळेत टिकली, आरोग्य शिबिरे कुठे झाली, तुमच्या देणगीचा विनियोग कसा झाला, हे सगळे या वेळी छापील स्वरूपात तुमच्या हाती दिले आहे. त्यामुळे आज मला मिळालेला वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. तो विषय म्हणजे अन्न. आपण पाड्यांवर शिध्याची पिशवी पाठवतो, वसतिगृहातल्या मुलांना दोन वेळा जेवू घालतो. हे अन्न येते कुठून, आणि इथवर येताना ते वाटेत काय मोडून येते? जगभर आज या प्रश्नावर मोठमोठे संशोधन चालू आहे. पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही, अर्नाळ्याच्या बंदरावर उभे राहिले तरी बरेचसे दिसते. शेवटी मी तुमच्याकडे एक मागणी करणार आहे, म्हणून आधी तिची कारणे सांगते.

आपल्या कोळी बांधवांना डोल जाळे काय असते ते मी सांगायला नको. पण जमिनीवरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. समुद्रात ठरलेल्या जागी पिशवीसारखे लांब जाळे बांधायचे, त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे ठेवायचे. प्रवाहाबरोबर जी मासळी येईल ती आत शिरते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच, तो ताजा फार टिकत नाही. म्हणून बांबूच्या वलांडीवर त्याला वाळवायचे. त्याला ना बर्फ लागतो, ना वीज. ऊन आणि वारा देवाने फुकट दिलेला आहे.

ही सुकी मासळी टोपलीत भरून आपल्या कोळी बाया आतल्या बाजारांना जात असत. मनोर, वाडा, विक्रमगड, जव्हार. पावसाळा तोंडावर आला की आगोटीची खरेदी सुरू होई. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी घरांतून सुका बोंबील आणि जवळा भरून ठेवला जाई. हातात पैसा नसला तर भात देऊन मासळी घेत. मग आवणीच्या दिवसांत, जेव्हा घरात भाजी नाही, बाजाराची वाट चिखलाने बंद, तेव्हा नाचणीच्या भाकरीबरोबर मूठभर जवळा असे. हा जवळा डोक्या-शेपटीसकट पोटात जातो. त्यातून प्रथिने मिळतात, हाडांना लागणारे कॅल्शियम मिळते. गरोदर बाईला आणि वाढत्या मुलाला याहून स्वस्त पौष्टिक अन्न आपल्या भागात दुसरे क्वचितच असेल.

ही सुद्धा एक अन्नसाखळीच होती. फार तर दिवसाच्या वाटेची, आणि तिच्या दोन्ही टोकांची माणसे एकमेकांना तोंडाने ओळखत होती.

आता आजची साखळी पाहू. २०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे १७.८ लाख टन मासळी परदेशी गेली. तिचे साठ हजार कोटींहून अधिक रुपये आले. त्यातला सुमारे दोन तृतीयांश पैसा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. सगळ्यात मोठे गिऱ्हाईक अमेरिका, त्यानंतर चीन. वाकटी आपण खातो ती सुकवून. तीच आता गोठवून चीनला जाते. राणी माशाचा लगदा करून तो परदेशात पाठवतात, तिथे त्याच्या खेकड्याच्या चवीच्या कांड्या होतात. या व्यापाराने किनाऱ्यावरच्या अनेक घरांत पैसा आला, पक्की घरे झाली, मुले शिकली. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. मुलांच्या शिक्षणाचा खर्च मासळीतून निघालेली कितीतरी घरे आज या सभागृहात बसलेली आहेत.

पण साखळी जितकी लांब, तितकी तिची भूक मोठी. चार गावांच्या बाजाराला टोपलीभर मासळी पुरत असे, जगाच्या बाजाराला कितीही कमीच. मग यांत्रिक बोटी वाढल्या, जाळ्यांचे आस बारीक झाले, समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉल आले. मासा अंडी घालण्याआधीच जाळ्यात येऊ लागला. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेमतेम दोन लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे गेल्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे पाठोपाठ आली, बोटी बंदरातच अडकल्या, हेही एक कारण होते. आणि तापणाऱ्या समुद्रावर वादळे अधिक जोर धरतात हे शास्त्रज्ञ वारंवार सांगत आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरही नाही. असा नियम करावा लागला, यावरूनच पिल्लांची धरपकड किती चालली असेल ते समजा.

आता त्या कोळंबीकडे या. परदेशी जाणारी कोळंबी बहुतेक तळ्यांत वाढवलेली असते, मुख्यतः आंध्र प्रदेशात. व्हनामी नावाची ही जात मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, भारतात तिला २००९ मध्ये परवानगी मिळाली. तळ्यातल्या कोळंबीला खाद्य लागते. त्या खाद्यात सोयाबीन असते आणि मासळीची कुटी असते. एक किलो कुटी करायला चार ते पाच किलो ओली मासळी लागते. ती कुठली? लहान, स्वस्त, जिला शहरात भाव नाही अशी. कोंबड्यांच्या खाद्यातही अशीच मासळी आणि सुका जवळा जातो. म्हणजे जो घास आगोटीला पाड्यावर चढत असे, त्याला आता खाद्याचा कारखाना आणि पाड्यावरची आई अशी दोन गिऱ्हाइके आहेत. कारखाना ट्रकने उचलतो आणि रोख मोजतो. आईच्या हातात पन्नास रुपये असतात. मासळी कुठे जाणार हे सांगायला शिकलेला माणूस लागत नाही.

या साखळीत आपला आदिवासी बांधव आणखी एका ठिकाणी उभा आहे. डहाणू-तलासरीकडची वारली मुले खलाशी म्हणून बोटींवर जातात. काही आपल्याकडच्या बंदरांवर, कितीतरी गुजरातेत ओखा, पोरबंदर, वेरावळला. जवळचा समुद्र रिकामा झाला की बोट लांब जाते, डिझेल जास्त जळते, आणि लांब जाता जाता सागरी सरहद्द ओलांडली जाते. आपल्या जिल्ह्यातले असे खलाशी कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिले आहेत. मागे पाड्यावर त्यांच्या बायका कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरतात. जगात कुठेतरी कुणाच्या ताटात मासा पडतो, त्याच्या पावतीवर या बाईचे नाव कधीच येत नाही.

आतापर्यंत बाहेर जाणाऱ्या अन्नाचे बोलले. आता आत येणाऱ्याचे बोलू. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर आनंदाचा शिधा दिला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. पाड्यापाड्यांवर लोकांना त्याचा आनंद झाला आणि तो खरा होता. आपल्या शिध्याच्या पिशवीतही पामतेलच असते, कारण तेच परवडते. हे तेल येते कुठून? भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपणच. जगातले बहुतेक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. तिथे या झाडांच्या लागवडीसाठी मोठमोठी जंगले तोडली गेली. २०१५ मध्ये इंडोनेशियात जंगले आणि दलदलीच्या जमिनी मिळून सुमारे २६ लाख हेक्टर जळाले. पामची आणि कागदाच्या लाकडाची लागवड करायला जमीन मोकळी करणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला. त्या जंगलांतही आदिवासी राहतात. त्यांचीही देवराई होती, त्यांचाही कंद आणि मध होता. जव्हारच्या आदिवासीच्या कढईत सुमात्राच्या आदिवासीचे जंगल वितळते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाहेरचे ते वाईट आणि गावचे ते चांगले, असे सोपे गणित मी मांडत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे जोसेफ पूर आणि त्यांचे स्वित्झर्लंडमधले सहकारी थॉमस नेमेसेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जगात जेवढे तापमान वाढवणारे वायू माणूस सोडतो, त्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक अन्नामुळे येतो, असे त्यांना दिसले. पण त्यात वाहतुकीचा वाटा फार लहान आहे, अन्नाच्या एकूण प्रदूषणात सहा टक्क्यांच्या आसपास. खरा भार पडतो तो जंगल तोडण्याचा, जनावरांचा, खतांचा, शेतावर जे घडते त्याचा. आणि एकच पदार्थ दोन ठिकाणी पिकवला तर त्याचा निसर्गावरचा भार कित्येक पटींनी वेगळा असू शकतो. म्हणजे जहाजाने आले म्हणून अन्न पापी ठरत नाही. ते कसे पिकवले, कसे पकडले, कुणाच्या जमिनीवर, हा प्रश्न मोठा. पामच्या झाडाचेच घ्या. एका एकरात ते जेवढे तेल देते तेवढे दुसरे कोणतेही पीक देत नाही. उद्या सगळ्या जगाने पाम सोडून सोयाबीन धरले तर आणखी जास्त जंगल तुटेल. म्हणून पाड्यावरच्या बाईला पामतेल खाऊ नको असे सांगायला मी जाणार नाही. तिच्यापुढे निवड आहेच कुठे?

मग निवड कुणापुढे आहे? आपल्यापुढे. आपण घाऊक खरेदी करणारी संस्था आहोत. आपली खरेदी लहान असेल, पण ती आपण ठरवतो.

या विचाराकडे मला वैतरणा नदीने आणले. ती त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मोखाडा, वाडा, पालघर अशी खाली येते आणि आपल्या अर्नाळ्याच्या किल्ल्यासमोर समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर मुंबईच्या पाण्यासाठी धरणे आहेत, त्यातले मध्य वैतरणा तर २०१४ मधले. ज्या पाड्यांशेजारून हे पाणी जाते, त्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडा घेऊन डोंगर उतरतात. आता पाड्यावरच्या दुकानात पहा. वेफर्सच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे, पाच रुपयांची पाकिटे. त्यातले बरेचसे पामतेलात तळलेले किंवा पामतेल घालून केलेले. आईवडील मजुरीला गेले की मूल पाच रुपये घेऊन दुकानात जाते. पोट भरल्यासारखे वाटते, अंगाला काही लागत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. त्यानंतर अंगणवाड्या वाढल्या, अमृत आहार योजना आली, गरोदर मातांना जेवण आणि मुलांना अंडी-केळी मिळू लागली. तरी कुपोषण संपले नाही. आणि ती रिकामी पाकिटे कुठे जातात? ओहोळात, ओहोळातून नदीत, नदीतून खाडीत, आणि तिथून आपल्या डोल जाळ्यात. जाळे ओढल्यावर मासळीआधी प्लॅस्टिक निवडावे लागते, हे इथला प्रत्येक तांडेल सांगेल. डोंगरावर ज्या पाकिटाने मुलाची भूक मारली, त्याच पाकिटाने खाली कोळ्याचे जाळे भरले. सुका जवळा वर जायचा थांबला आणि प्लॅस्टिक खाली यायला लागले. आपल्या दोन समाजांमधली देवघेव अशी उलटी झाली आहे.

येणारे दिवस सोपे नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथे जगभरच्या कंटेनरची ये-जा होणार आहे. कोणी त्यात रोजगार पाहतो. आपल्या किनाऱ्यावरचे अनेक मच्छीमार त्यात आपल्या मासेमारीच्या जागा जाताना पाहतात आणि वर्षानुवर्षे विरोध करत आले आहेत. त्याचा निवाडा या सभागृहात होणार नाही. पण जगाची साखळी आपल्या दारापर्यंत आली आहे एवढे निश्चित. तिच्यात आपण कोणती कडी व्हायचे, हे ठरवायला अजून वेळ आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे.

येत्या आगोटीपासून आपल्या वसतिगृहांच्या स्वयंपाकघरासाठी आणि शिध्याच्या पिशव्यांसाठी सुका जवळा आणि सुका बोंबील थेट इथल्या कोळी महिलांकडून घ्यावा. मधला दलाल नको. नाचणी आणि वरई जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्यांकडून घ्यावी. त्याच भागात खुरासणी पिकते. तिचे तेल घाण्यावर काढून मिळेल तेवढे घ्यावे आणि निदान वसतिगृहाच्या फोडणीला तरी ते वापरावे. बिस्किटांच्या पुड्यांऐवजी मुलांच्या खाऊला आगाशीची सुकेळी किंवा गूळ-शेंगदाणे द्यावेत. सुकेळीला पाकीट लागत नाही, केळीच्या सोपटात बांधून ती पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली आहे.

यातल्या अडचणी मी झाकून ठेवणार नाही. पहिली अडचण पैशाची. खुरासणीचे तेल पामतेलाहून बरेच महाग पडेल, सुकेळी तर मुलांना रोज देणे परवडणारच नाही, ती सणावारालाच. तेवढ्याच देणगीत पिशव्या कमी भरतील, किंवा पिशव्या तेवढ्याच ठेवायच्या तर देणगी वाढवावी लागेल. कोणत्याही कुटुंबाची पिशवी बंद करून हा प्रयोग करावा असे मला वाटत नाही. दुसरी अडचण मासळीची. वाळूवर वाळवलेल्या मासळीत रेती येते, पावसाची सर आली तर कीड लागते. म्हणून ती वलांडीवर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर वाळवलेली, नीट निवडलेली हवी, आणि तसे करणाऱ्या बाईला त्याचे वाजवी दाम मिळायला हवे. तिसरी अडचण आपल्या मनाची. दान द्यायचे म्हणजे चकचकीत पाकिटातले द्यावे, सुका जवळा काय द्यायचा, असे आपल्याला वाटते. पाड्यावरच्या आजीला विचारा. तिला जवळ्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटते.

घरी करण्यासारखेही थोडे आहे. वीतभरापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. जून आणि जुलै हे ६१ दिवस समुद्र बंद असतो, त्या काळात ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते दिवस सुक्यावरच काढले. लग्नाच्या आणि सणाच्या जेवणात पानात टाकून दिलेल्या अन्नाकडे एकदा पहा. जगात पिकणाऱ्या अन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा खाल्ला न जाता वाया जातो, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये सांगितले होते. त्या अन्नासाठी तुटलेले जंगल, उपसलेला समुद्र आणि वाहिलेला घाम, हेही सगळे वायाच जाते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट आपण सर्व शिकलो. प्रभूने हजारोंना जेवू घातले, ते आपण लक्षात ठेवतो. पण मला त्यातल्या दोन लहान गोष्टी अधिक जवळच्या वाटतात. ते अन्न तिथल्याच एका मुलाच्या शिदोरीतले होते. आणि सगळ्यांची पोटे भरल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला प्रभूने सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून. जवळ जे आहे त्यातून सुरुवात करा आणि उरलेले सांभाळा, एवढे तर आपल्यालाही जमेल.

सभागृहाच्या दारापाशी दोन वह्या ठेवल्या आहेत. एका वहीत ज्या कोळी भगिनींना या हंगामात आपल्याला सुकी मासळी द्यायची आहे त्यांनी नाव आणि अंदाजे वजन लिहावे. दुसऱ्या वहीत ज्या हितचिंतकांना एका शिध्याच्या पिशवीमागचा वाढीव खर्च उचलायचा आहे, त्यांनी किती पिशव्यांचा ते लिहावे. दोन्ही वह्यांची बेरीज जिथे जुळेल तिथून आपण काम सुरू करू. कमी जुळली तर एका वसतिगृहापासून, जास्त जुळली तर सगळ्या पाड्यांपर्यंत. आगोट मे महिन्यात आहे. फार दिवस उरलेले नाहीत.